पार्श्वभूमीचा गुन्हा काय?

कसब्यातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या दाराचा फोटो काढायचा म्हटलं, की विजेच्या तारा आणि उभ्या स्कूटर चौकटीबाहेर ठेवायला आपली धडपड चालते. रानफुलांचे छायाचित्रकार तेच करतात. मागचं गवत, काड्या, दगड नजर खेचतात. म्हणून ॲपर्चर मोठं ठेवून मागचं सगळं धूसर करायचं, फूल तेवढं रेखीव. कास पठारावरची अशी चित्रं दर भाद्रपदात आम्हांला फोनवर येतात. सुंदर असतात, नाही म्हणत नाही. तरी आमची एक तक्रार आहे.

या रीतीला परंपरा आहे. जर्मनीच्या कार्ल ब्लॉसफेल्टचा वनस्पतींच्या छायाचित्रांचा ग्रंथ १९२८ मध्ये निघाला. त्यात पार्श्वभूमी साधी, कोरी. त्याला आकार शिकवायचे होते, तिथे ते योग्यच. कांटने तर १७९० मध्येच फुलांना 'मुक्त सौंदर्य' म्हटलं. फूल कशासाठी आहे हे ठाऊक नसलं तरी ते सुंदर वाटतं. मग मागचं हवंय कशाला?

आता 'सीतेची आसवं' घ्या. इवलंसं निळं-जांभळं फूल. खाली जांभ्याचा सडा, त्यावर पातळ, पावसाने भिजलेली माती. तिच्यात पोषण कमी, म्हणून ही वनस्पती बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून पोट भरते. तो ओला सडा पुसलात, की ती अशी का आहे हेच पुसलं जातं. उरतं ते कुठलंही फूल, कुंडीतलंसुद्धा!

धूसर करण्याने निदान कुणाचं नुकसान होत नाही. पण आडव्या येणाऱ्या काड्या उपटणं, कोन साधायला ताटव्यात आडवं पडणं, याला काय म्हणायचं? २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशात गेलं. तो वारसा एका फुलाचा नाही, सगळ्या सड्याचा आहे. आपण ज्याला अडथळा म्हणून उपटतो, ते उद्या फुलणारं रोप असू शकतं.

मग गचाळ चित्रं काढायची का? मुळीच नाही. वाटेवर राहूनच जागा बदला, कॅमेरा खाली आणा, ढग येईपर्यंत थांबा. मागचं मऊ करा, पण ओळखू येईल इतपत. जांभ्याचा एखादा तुकडा, पाण्याची चकाकी राहू द्या. काय दाखवायचं ते निवडणं ही कला; निवडीसाठी जागा झाडून काढणं, ही नव्हे.