पाठभेद नसलेला मजकूर

पी. साईनाथ यांचे नाव निघाले की आपल्याकडे दुष्काळावर आणि शेतकरी आत्महत्यांवर बोलणे होते. ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ हे पुस्तक त्याला कारण. आर्थिक सुधारणांची चर्चा शेअरबाजाराभोवती फिरत असताना त्यांनी ती गरीब जिल्ह्यांत जाऊन तपासली. माझ्या मते त्यांच्या पद्धतीचा कस त्याहून अधिक लागला तो नांदेडच्या निवडणुकीत.

२००९ साली तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून विधानसभेला उभे होते. मतदान १३ ऑक्टोबरला होते. त्याआधी तीन प्रतिस्पर्धी मराठी दैनिकांत त्यांच्यावरचा एकच गौरवलेख शब्दशः छापून आला. ३० नोव्हेंबरच्या ‘द हिंदू’त साईनाथ यांनी हे मांडले. एका बाजूला चव्हाणांवरची ४७ पूर्ण पाने. दुसऱ्या बाजूला निवडणूक खर्चात वृत्तपत्रीय जाहिरातींपोटी दाखवलेले ५,३७९ रुपये.

यात गुप्त असे काहीच नव्हते. पाने घरोघर पोचली होती, हिशेब सरकारदरबारी दाखल होता. पोथ्यांचा अभ्यासक दोन प्रती शेजारी ठेवून पाठभेद शोधतो. इथे पाठभेद नसणे हाच पुरावा ठरला. म्हणून हा लेख मी बातमीपेक्षा पाठचिकित्सा म्हणून वाचतो.

चव्हाण यांनी पैसे दिल्याचा इन्कार केला. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खर्चाचा खरेखोटेपणा तपासण्याचा निवडणूक आयोगाचा अधिकार मान्य केला. जुलैमध्ये आयोगाने त्यांच्याविरुद्ध दिलेला आदेश मात्र सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तिथे मिटले. वाचकाच्या दृष्टीने मिटले का?

लेखाची एक उणीव नोंदवायला हवी. त्याचा रोख उमेदवार आणि वृत्तपत्रे यांच्यावर आहे. तालुक्याचा बातमीदार त्यात दिसत नाही. त्याचे मानधन तुटपुंजे, आणि बहुधा जाहिराती आणण्याचे कामही त्याच्याच गळ्यात. ज्याच्याकडून जाहिरात आणायची, त्याच्याविषयीच बातमी लिहायची. सुधारणांनंतर फोफावलेल्या वृत्तपत्रधंद्याचा ताण तिथे सर्वांत स्पष्ट दिसला असता.

दुसरी उणीव आपली. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. मताचा हक्क आपल्या आजोबांच्या पिढीला मिळाला. म्हणजे आपली लोकशाही अजून कोवळीच. ती जपायची तर वाचणाऱ्यानेही जागे राहायला हवे. त्या दिवसांत मी लातूरच्या वाचनालयात रोज चार दैनिके चाळत असे. त्यांतला मजकूर एकमेकांशी ताडून पाहावा, हे मला एकदाही सुचले नाही. मराठी पानांची ही चिकित्सा इंग्रजी दैनिकातून वाचावी लागली, याची खंत आहे.

तेव्हापासून निवडणूक लागली की मी रद्दी विकत नाही. निकालानंतर पाने शेजारी शेजारी पसरतो आणि वाचतो. त्याला पदवी लागत नाही, वेळ लागतो.