काल्याच्या दुसऱ्या दिवशी



अखंड हरिनाम सप्ताहाचे नियोजन हल्ली फार नीटनेटके असते. पत्रिका महिनाभर आधी निघते. काकड्यापासून जागरापर्यंत वेळा ठरलेल्या, कीर्तनकारांच्या तारखा ठरलेल्या, अन्नदात्यांची नावे छापलेली. मंडप, पडदे, ध्वनिक्षेपक, कशातच उणे नसते. उणे असते ते एकच: काल्याच्या दुसऱ्या दिवशीचे काम पत्रिकेत कुणाच्याच नावावर नसते.

मी आयुष्यभर काला करून त्याच दुपारी पुढच्या गावी निघत आलो. एकदा गाडी चुकली म्हणून मुक्काम पडला. सकाळी पाहतो तो मंडपाच्या मागे ओढ्यापर्यंत द्रोण, पेले, पाण्याच्या बाटल्या. भात आंबलेला. गावच्या दोन गाई बुंदीच्या वासाने प्लास्टिकच्या पिशव्या चघळत होत्या. आदल्याच दिवशी त्याच जागी मी गाई राखणाऱ्या गोपाळांची कथा सांगितली होती, आणि महाप्रसादाला किती पोती साखर लागली याचे गादीवरून कौतुकही केले होते. तो दोष माझाही आहे.

काला म्हणजे काय? प्रत्येक गोपाळाने आपापली शिदोरी आणायची, देवाने सगळ्यांची एकत्र कालवायची आणि कण न सांडता वाटायची. यात बडेजाव कुठेच नाही. आपण मात्र प्रसादाचा मोठेपणा पोत्यांवर मोजू लागलो. पोती वाढली की उरणे वाढते, उरले की टाकणे आले.

कुणी म्हणतील, महाराज, हजारोंच्या पंगतीला भांडी कुठून आणायची? पण आपल्याच घरात पाहा. गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात घरोघरच्या भाकरी येतात, आमटी कढईत शिजते. वारीतली दिंडी आपली भांडीकुंडी बरोबर घेऊन पंढरपूर गाठते. पूर्वी सप्ताहाला येणारा माणूस ताट-तांब्या घरूनच आणी. नसेल त्याला पळसाची पत्रावळ. ती उकिरड्यावर गेली तरी खत होई. राज्यात 2018 पासून थर्माकोलच्या ताटांना बंदी आहे. पण धर्मकार्याला कायद्याचा धाक लागावा, हीच लाजेची गोष्ट.

गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत, कीर्तन रात्री होई. आपण कीर्तन ठेवले, खराटा सोडला.

म्हणून सप्ताह समित्यांना विनंती आहे. पहिल्याच बैठकीत सहा गोष्टी ठरवा. ताट-तांब्या घरून आणावा, असे पत्रिकेतच छापा. हरिपाठाला माणसे मोजून रात्रीचा स्वयंपाक चढवा. हात धुण्याचे पाणी चर काढून झाडांना सोडा. हार-तुरे कमी घ्या. निर्माल्य ओढ्यात न टाकता खड्ड्यात पुरा. आणि काल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या झाडलोटीला यजमान नेमून त्याचे नाव अन्नदात्यांच्या वर छापा. कीर्तनकारांनाही सांगणे आहे: गादीवरून पोत्यांची गणती करू नका, आणि जमेल तेव्हा एक रात्र जास्त राहून सकाळी झाडायला उतरा. विणा खाली ठेवायचा नसतो हे आपल्याला शिकवावे लागत नाही. खराट्याचेही तसेच व्हावे.

देव मंडपात सात दिवस राहतो असे आपण मानतो. तो आठवड्यानंतर ओढ्याकाठी गाईंजवळ गेला, तर त्याला काय दिसेल, एवढा विचार करावा.