सरड्याचा पंखा फिका पडला, पण ‘निवड’ झाली का?

पीएचडीच्या तयारीत असाल तर एक पेपर जरूर वाचा. मारिया ठाकर, अमोद झांब्रे आणि हर्षल भोसले यांचा, २०१८ साली ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये आलेला. जागा साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार. प्राणी ‘सारडा सुपर्बा’, म्हणजे गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी पंखा उघडणारा सरडा.

आधी पार्श्वभूमी. आमच्या गोरेगावात, आरेत, विणीच्या दिवसांत लालबुंद डोक्याचे नर सरडे कुंपणावर बसून जोर काढताना दिसतात. हा भपका मादीला आणि प्रतिस्पर्ध्याला दिसतो, तसाच शिक्र्यालाही दिसतो. म्हणून पाठ्यपुस्तक सांगतं: लैंगिक निवड रंग चढवते, नैसर्गिक निवड तो आवरते. एंडलरने १९८० मध्ये त्रिनिदादच्या गप्पी माशांवर हेच दाखवलं. शिकारी कमी असलेल्या पाण्यात काही पिढ्यांतच नर जास्त रंगीत झाले.

चाळकेवाडीत मात्र उलटं दिसलं. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी. सरडे जास्त, त्यांच्यात ताणाचं संप्रेरक कमी, माणूस जवळ आला तरी ते उशिरा पळतात. इथवर ठीक. पण शिकारी कमी असूनही पंख्याचा रंग फिका! लेखकांचं स्पष्टीकरण असं: सरडे वाढले, खाण्यासाठी चढाओढ वाढली, अंगावर मांस कमी, म्हणून रंगही कमी.

मला हे स्पष्टीकरण पटतं. पेपरची खरी ताकदही इथेच आहे: पक्षी, वागणूक, संप्रेरक आणि रंग या चारही कड्या एकाच ठिकाणी मोजल्या आहेत. पण अनेक जण यावरून थेट ‘पवनचक्क्यांमुळे सरडे उत्क्रांत झाले’ म्हणतात. ती उडी पेपर मारू देत नाही.

का? एक, उपाशी सरडा फिका पडणं हा त्याच्या आयुष्यातला बदल असू शकतो. त्याला जनुकं बदलावी लागत नाहीत. दोन्ही भागांतली पिल्लं सारख्याच खाद्यावर वाढवली आणि तरी फरक उरला, तर गोष्ट वेगळी. दोन, मोजला तो रंग. फिक्या नराला माद्या कमी मिळतात का, हे मोजलेलं नाही. आणि त्याशिवाय लैंगिक निवड बदलली असं म्हणता येत नाही. तीन, तुलना जागांची आहे, काळाची नाही. पवनचक्क्या उभ्या राहण्याआधी तिथले सरडे कसे होते?

हे पेपरचे दोष नाहीत, त्याच्या दाव्याच्या सीमा आहेत. लेखकांनी अन्नसाखळीवरचा परिणाम दाखवायचा होता, तो दाखवला. उत्क्रांतीचा प्रश्न पुढच्या माणसासाठी शिल्लक आहे.

तेव्हा प्रपोजलमध्ये ‘निवड’ हा शब्द लिहिण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा: गुणात फरक आहे का? त्या फरकाने पिल्लांची संख्या बदलते का? आणि तो पुढच्या पिढीत उतरतो का? चाळकेवाडीने पहिल्याचं उत्तर दिलंय. उरलेली दोन तुमच्यापैकी कुणीतरी घ्या.