नाट्य, कल्पनाखेळ आणि बालशिक्षिकेचे प्रशिक्षण : एक चिकित्सा

प्रस्तावना :

बालवाडीत नाट्याला आणि कल्पनाखेळाला स्थान असावे, याविषयी आज तात्त्विक पातळीवर फारसा मतभेद उरलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने वय वर्षे ३ ते ८ हा पायाभूत स्तर मानून खेळ व कृती यांवर आधारलेल्या शिक्षणाचा पुरस्कार केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळणी, बाहुल्या, कोडी आणि गोष्टींची पुस्तके यांचा ‘जादुई पिटारा’ हा संच आला. तत्त्व मान्य झाले आणि साहित्यही उपलब्ध होऊ लागले. तथापि त्या पिटाऱ्यातील बाहुली हातात घेऊन मुलाशी बाहुलीच्या तोंडून बोलणारी शिक्षिका कशी घडवायची, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणात नाट्य ही सादर करण्याची वस्तू समजली जाते. मुलांसोबत वावरण्याची आणि विचार करण्याची रीत म्हणून ते शिकवले जात नाही, आणि मूळ दोष येथे आहे, असे या विवेचनाचे प्रतिपादन आहे.

माँटेसरी विचार आणि कल्पनेचा प्रश्न :

भारतातील आधुनिक बालशिक्षणाची पायाभरणी माँटेसरी पद्धतीच्या प्रभावाखाली झाली. १९०७ मध्ये रोममध्ये सुरू झालेल्या पहिल्या बालगृहात मुलांनी खेळण्यांकडे पाठ फिरवली आणि ती साधनांत रमली, असे मारिया माँटेसरी यांचे निरीक्षण होते. लहान मुलाला वास्तव हवे असते. खोट्या चुलीपेक्षा खरी भाजी चिरण्यात त्याला अधिक आनंद मिळतो. परीकथांची अद्भुत सृष्टी मोठी माणसे त्याच्यावर लादतात आणि त्याच्या भाबडेपणाचा लाभ घेतात, अशी त्यांची भूमिका होती. या भूमिकेत मुलाविषयीचा गाढ आदर आहे, हे नाकारता येत नाही. परंतु तिच्यात एक गृहीतकही आहे. मूल खोट्या चुलीवर स्वयंपाक करते तेव्हा ते वास्तवापासून दूर जाते, हे ते गृहीतक होय.

मराठी भाषेने मात्र या व्यवहाराला फार पूर्वीच नेमके नाव दिले आहे. ‘लुटुपुटीचा’ खेळ असे आपण म्हणतो, तेव्हा तो फसवणुकीचा नाही आणि खराही नाही, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. ‘खोटं खोटं’ रडणाऱ्या मुलाला आपण रडत नाही, याची पक्की जाणीव असते. भातुकलीत मातीचा लाडू वाढणारी मुलगी तो कधी गिळत नाही. वास्तव आणि कल्पना यांतील सीमारेषा ती हरवून बसलेली नसते. त्या रेषेवर ये-जा करण्याचा सराव ती करीत असते.

गिजुभाई आणि ताराबाई : स्वीकार आणि फारकत

गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. माँटेसरी पद्धतीचे ते निष्ठावंत पुरस्कर्ते होते. तरीही कथा, लोकगीत आणि नाट्य यांना त्यांनी बालमंदिरात मानाचे स्थान दिले. गोष्ट कशी निवडावी व कशी सांगावी, यावर त्यांनी स्वतंत्र शास्त्रग्रंथ लिहिला. त्यांचे ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक चौथीच्या वर्गातील एका कल्पित प्रयोगाची कहाणी आहे. त्यातील शिक्षक वर्गाचा विश्वास प्रथम गोष्टीच्या द्वारे मिळवतो आणि पुढे नाट्यालाही वर्गात स्थान देतो. हे पुस्तक बालवाडीविषयी नाही. पण शिक्षक स्वतः बदलल्याखेरीज पद्धत बदलत नाही, हा त्याचा गाभा बालशिक्षणालाही तितकाच लागू पडतो.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरला गिजुभाईंसोबत काम केले आणि पुढे ही परंपरा महाराष्ट्रात आणली. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि नंतर १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी केलेले कार्य सुपरिचित आहे. महागड्या साधनांऐवजी परिसरातील वस्तू, बंदिस्त खोलीऐवजी आदिवासी पाड्यावरील अंगण, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा, अशी माँटेसरी विचाराची पुनर्रचना त्यांनी केली. अंगणवाडी हा शब्द याच कार्यातून रूढ झाला.

कथा व नाट्य यांच्या बाबतीत या परंपरेने माँटेसरींपासून घेतलेली फारकत ही केवळ तपशिलातील सुधारणा नव्हती. माँटेसरी वर्गात साधन आणि मूल यांच्यामध्ये शिक्षिकेने शक्य तितके न येणे अपेक्षित असते. गोष्ट आणि नाट्य यांत मात्र शिक्षिकेचा आवाज, देह आणि चेहरा हेच साधन असते. ही फारकत घेताना प्रशिक्षणाचे स्वरूपही मुळापासून बदलणे क्रमप्राप्त होते. लाकडी साधनाचा क्रम शिकवता येतो आणि तपासताही येतो. स्वतःला साधन बनवण्याचे शिक्षण वेगळ्या प्रकारचे असते. कर्त्या व्यक्तींच्या सहवासात ते आपोआप घडत गेले असावे. प्रशिक्षणाचा विस्तार झाला, तेव्हा परिसरातील वस्तूंपासून साहित्य बनवण्याची कला टिकली. सहखेळाडू होण्याची कला मागे पडली.

खेळ, विचार आणि प्रौढाचा सहभाग :

लेव्ह व्हायगॉट्स्की यांनी १९३३ मधील खेळाविषयीच्या व्याख्यानात काठीचा घोडा करणाऱ्या मुलाचे उदाहरण घेतले. काठी घोडा होते त्या क्षणी शब्दाचा अर्थ वस्तूपासून सुटा होतो आणि अमूर्त विचाराची वाट मोकळी होते, असे त्यांचे विवेचन आहे. कल्पनाखेळ नियमांनी बांधलेला असतो, हे त्यांनी दाखवून दिले. ‘आई’ झालेल्या मुलीला आईसारखेच वागावे लागते. मनात येईल ते करता येत नाही. म्हणून खेळात मूल स्वतःपेक्षा वीतभर उंच असते.

या खेळात प्रौढाने शिरावे काय? इस्रायलमधील सारा स्मिलान्स्की यांच्या १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वंचित कुटुंबांतील मुलांच्या खेळात प्रौढांनी दोन प्रकारे सहभाग घेतला : बाहेरून सुचवून आणि आत शिरून भूमिका घेऊन. त्यामुळे मुलांचा खेळ अधिक समृद्ध झाला, असे त्यांना आढळले. इंग्लंडमध्ये पीटर स्लेड यांनी १९५४ मधील ग्रंथात मुलांचे नाट्य आणि मोठ्यांची रंगभूमी यांतील भेद स्पष्ट केला, तर डोरोथी हिथकोट यांनी शिक्षकाने स्वतः भूमिकेत शिरून शिकवण्याची पद्धत विकसित केली. अमेरिकेत व्हिव्हियन पेली यांनी शिकागो येथील बालवर्गात मुलाने सांगितलेली गोष्ट लिहून घेऊन ती वर्गाकडून वठवून घेण्याचा क्रम अनेक वर्षे चालवला. आपल्या वर्गाचे ध्वनिमुद्रण त्या ऐकत आणि स्वतःच्या प्रश्नांतील दोष शोधत. प्रशिक्षणाच्या दृष्टीने त्यांची ही सवय विशेष मोलाची आहे.

रिकाम्या कपातील चहा :

या चर्चेचा व्यावहारिक अर्थ एका प्रसंगातून स्पष्ट करता येईल. चार वर्षांची मुलगी रिकामी कपबशी पुढे करून ‘बाई, चहा घ्या’ म्हणते, अशी कल्पना करावी.

एक शिक्षिका विचारते, ‘छान! तुझ्याकडे कप किती? मोज पाहू. हा रंग कोणता?’ हेतू शैक्षणिकच आहे. पण क्षणापूर्वी यजमानीण असलेली मुलगी पुन्हा विद्यार्थिनी होते आणि खेळ संपतो. दुसरी शिक्षिका ‘अरे वा!’ म्हणून पुढे जाते. त्यात अपाय काही नाही. पण खेळ होता तेथेच राहतो. तिसरी शिक्षिका कप घेते, फुंकर घालते, घोट घेते आणि म्हणते, ‘वहिनी, चहा फक्कड झालाय. पण आमच्या सासूबाईंना साखर चालत नाही, त्यांच्यासाठी काय करता?’

आता मुलीपुढे खरी अडचण उभी राहते. बिनसाखरेचा चहा वेगळा ठेवायला हवा. कोणता कप कोणाचा, हे लक्षात ठेवायला हवे. कदाचित शेजारचा मुलगा दुकानदार किंवा डॉक्टर होऊन येईल. मोजणी होईल, वर्गीकरण होईल, भाषाही वाढेल. पण ते सारे गरजेपोटी होईल, परीक्षेपोटी नव्हे.

या तिसऱ्या प्रतिसादात किमान चार कौशल्ये आहेत. मुलाने मांडलेल्या कल्पनेवर विश्वास ठेवणे, त्याचे बोलणे नीट ऐकणे, त्याला पेलेल एवढीच अडचण आत सोडणे आणि वेळीच बाजूला होणे. चौथे कौशल्य सर्वांत अवघड असते. खेळ रंगल्यावर शिक्षिकाच त्याची नायिका झाली, तर मुले प्रेक्षक होतात. काही वेळा तर काहीच न करता दुरून पाहत राहणे हाच उत्तम प्रतिसाद असतो. यांपैकी एकही कौशल्य व्याख्यान ऐकून अंगी बाणत नाही.

प्रशिक्षणातील नाट्याचे स्थान :

प्रशिक्षणवर्गात नाट्य साधारणतः तीन रूपांत भेटते. खेळाचे महत्त्व हे परीक्षेतील एक प्रश्न होते. मुखवटे व बाहुल्या हे शैक्षणिक साहित्य म्हणून बनवले जातात आणि प्रदर्शनात मांडले जातात. आणि पाठ टाचणात हेतू, कृती, मूल्यमापन अशा रकान्यांत नाट्यीकरण बसवले जाते. मुलाच्या अनपेक्षित वाक्याला या रकान्यांत जागा नसते. पुढे शाळेत गेल्यावर नाट्य म्हणजे स्नेहसंमेलन, हे समीकरण दृढ होते. पाठ केलेली वाक्ये, भाड्याने आणलेले पोशाख आणि समोर पालक, असे त्याचे रूप असते.

याचा अर्थ बालरंगभूमीचे मोल कमी लेखावे, असा नाही. सुधा करमरकर आणि रत्नाकर मतकरी यांच्या प्रयत्नांनी मराठी मुलांना सकस रंगभूमी लाभली. परंतु तो प्रेक्षक असलेल्या मुलासाठीचा कलाप्रकार आहे. बालवाडीतील कल्पनाखेळाला प्रेक्षकच नसतो. या दोहोंची गल्लत झाली की प्रशिक्षणार्थीला अभिनयाची धास्ती वाटू लागते आणि ‘मला नाटक येत नाही’ असे ती म्हणते.

वास्तविक ती रिकाम्या हाताने आलेली नसते. भोंडल्याचा फेर, मंगळागौरीच्या खेळांतील सासू-सुनेचे लटके भांडण, जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्यातील मुखवटे, ही सारी प्रौढांच्या खेळाची जिवंत परंपरा आहे. मंगळागौरीत कोंबडा होऊन नाचणाऱ्या स्त्रीला भूमिकेत शिरणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. प्रशिक्षण मात्र या अनुभवाला दाराबाहेर ठेवून सुरू होते.

अंगणवाडी सेविकेच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट होतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पूर्वशालेय शिक्षण ही पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आदी सहा सेवांपैकी एक सेवा आहे. मानधनावर काम करणाऱ्या सेविकेच्या दिवसात वजन, आहार आणि नोंदी यांचा वाटा मोठा असतो. २०२१ पासून भ्रमणध्वनीवरील पोषण ट्रॅकरचीही त्यात भर पडली. २०२० च्या धोरणाने बारावी वा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांसाठी ६ महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिक्षण असलेल्यांसाठी १ वर्षाची पदविका सुचवली. हे अभ्यासक्रम दूरचित्रवाहिन्या व स्मार्टफोन यांच्या साहाय्याने दूरस्थ पद्धतीने चालवण्याची मुभा दिली आणि महिन्यातून किमान एक संपर्कवर्ग अपेक्षिला. सेविकेला काम न सोडता शिकता यावे, हा त्यामागील हेतू रास्त आहे. परंतु पडद्यावर पाहून बाहुली बनवता येते. मुलाच्या वाक्याला प्रतिसाद देण्याचा सराव पडद्यासमोर होत नाही. म्हणून महिन्यातील तो एक संपर्कवर्ग कसा वापरला जातो, यावर या योजनेचे यश अवलंबून आहे.

एक गंभीर आक्षेप :

कल्पनाखेळाच्या बाजूने सरसकट दावे करणेही योग्य नव्हे. अँजेलिन लिलार्ड व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उपलब्ध संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला. कल्पनाखेळामुळेच बुद्धी, सर्जनशीलता वा आत्मनियंत्रण वाढते, हे सिद्ध करणारा पुरावा पुरेसा भक्कम नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. अनेक प्रयोगांत दिसलेला लाभ खेळाचा की त्यात मुलांशी आस्थेने बोलणाऱ्या प्रौढाचा, हे वेगळे काढता येत नाही, असेही त्यांनी नोंदवले. हा आक्षेप खेळाच्या उत्साही पुरस्कर्त्यांना अडचणीचा वाटेल. प्रशिक्षणाच्या दृष्टीने मात्र तो महत्त्वाचा दुवा ठरतो. लाभाचे श्रेय प्रौढाच्या सहभागाकडे जात असेल, तर खेळाचा कोपरा मांडून ठेवणे आणि पिटारा पोहोचवणे पुरेसे नाही. त्या प्रौढाची तयारी हाच मुख्य प्रश्न होतो.

समारोप :

माँटेसरी विचार स्वीकारताना गिजुभाई आणि ताराबाई यांनी कल्पनेला दार उघडे ठेवले. त्या दारातून शिक्षिकेलाही आत यावे लागते, ही जाणीव मात्र प्रशिक्षणाच्या रचनेत पुरेशी उतरली नाही. संपर्कवर्गातील निम्मा वेळ तरी प्रशिक्षणार्थींनी स्वतः खेळण्यात घालवावा. प्रशिक्षकाने भूमिकेत शिरून दाखवावे. प्रत्येकीने आपल्या बालवाडीतील दहा मिनिटांचे संभाषण ध्वनिमुद्रित करून ऐकावे. आणि पाठ टाचणात ‘मुलाने काय सुचवले’ हा एक रकाना असावा. या गोष्टींना फारसा खर्च लागत नाही. मूल्यमापनाचा निकष मात्र बदलावा लागेल. प्रदर्शनात मांडलेल्या बाहुल्यांची संख्या मोजणे सोपे असते. रिकामा कप पुढे आल्यावर शिक्षिका काय करते, हे पाहण्यासाठी परीक्षकालाही बालवाडीच्या जमिनीवर बसावे लागेल.