पाळण्यातले पाय आणि नोव्हेंबरचा बाजार

१२ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री शिकागोच्या युनायटेड सेंटरमध्ये कॉलेज बास्केटबॉलचे दोन सामने लागोपाठ झाले. पहिला केंटकी आणि मिशिगन स्टेट यांचा, दुसरा कॅन्सस आणि ड्यूक यांचा. हंगाम सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तरी जाहिरात अशी होती की जणू अंतिम सामनाच आहे. कारण त्या रात्री तीन पोरे एकाच छताखाली खेळणार होती: कॅन्ससचा अँड्र्यू विगिन्स, ड्यूकचा जबारी पार्कर आणि केंटकीचा ज्यूलियस रँडल. तिघेही अठरा वर्षांचे. तिघांनीही नाव राखले. पार्कर २७ गुण, रँडल २७, विगिन्स २२. केंटकी ७४-७८ ने हरले, ड्यूक ८३-९४ ने हरले, पण दुसऱ्या दिवशी चर्चा हरण्याजिंकण्याची नव्हती. या तिघांत पहिला कोण, ही होती.

पुढे काय झाले ते पाहू. त्या हंगामाचे राष्ट्रीय विजेतेपद यांच्यापैकी कोणालाच मिळाले नाही. एप्रिलमध्ये कनेटिकटने केंटकीला ६०-५४ असे हरवले. पार्करचा ड्यूक संघ तर राष्ट्रीय स्पर्धेतल्या पहिल्याच सामन्यात मर्सर नावाच्या लहानशा विद्यापीठाकडून बाद झाला. जूनमध्ये एन.बी.ए.चा ड्राफ्ट, म्हणजे व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडण्याची वार्षिक बैठक, झाली. विगिन्स पहिला, पार्कर दुसरा, रँडल सातवा. तिसरा होता जोएल एम्बीड. तोही त्या रात्री शिकागोत होता, कॅन्ससच्याच संघात, पण जाहिरातीत त्याचे नाव नव्हते. कॅमेरूनमधून आलेल्या या मुलाने बास्केटबॉल हातात घेतला तोच पंधरा-सोळाव्या वर्षी. आणि त्या ड्राफ्टमधला सर्वांत मोठा खेळाडू ठरला तो ४१ व्या क्रमांकावर निवडलेला सर्बियाचा निकोला योकिच. त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा टीव्हीवर टाको बेलची जाहिरात चालू होती. योकिच पुढे तीनदा एन.बी.ए.चा सर्वोत्तम खेळाडू ठरला, एम्बीड एकदा. पार्करचा एकच गुडघा दोनदा दुखावला आणि त्याची कारकीर्द बहरण्याआधीच ओसरली. विगिन्स २०२२ मध्ये विजेत्या संघात होता; चांगला, उपयोगी खेळाडू, पण त्या नोव्हेंबरात ज्याचे चित्र रंगवले होते तो नव्हे.

यावरून भाकिते खोटी असतात असे म्हणायचे असेल तर ते फार सोपे होईल, आणि चुकीचेही. लेब्रॉन जेम्सबद्दल केलेले भाकीत खरे ठरले; शाळकरी असताना, फेब्रुवारी २००२ मध्ये, तो ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावर आला आणि त्या मुखपृष्ठाने केलेला दावा त्याने नंतरची वीस वर्षे निभावला. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण निराधार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. पाय पाहणाऱ्यांनी पाळणाच विकायला काढला आहे, आणि त्या विक्रीसाठी जी मैदाने लागतात त्यांचा आकार आता विक्रीच्या सोयीने बदलतो आहे.

याची सुरुवात साधी होती. १९६० च्या दशकात न्यू यॉर्कच्या हॉवर्ड गारफिंकल या गृहस्थाने शालेय खेळाडूंचा अहवाल काढायला सुरुवात केली. खेळाडूंना दर्जे द्यायचे आणि ही माहिती प्रशिक्षकांना विकायची, असा तो उद्योग. १९६६ मध्ये त्याने ‘फाइव्ह स्टार’ नावाचे उन्हाळी शिबिर सुरू केले. आज कुठल्याही मुलाला ‘फाइव्ह स्टार’ म्हणतात त्याच्या मागे ही परंपरा आहे. पण गारफिंकलचा वाचक कोण होता? दूरच्या गावी जाऊन सामना पाहणे ज्याला परवडत नाही असा प्रशिक्षक. १९८० च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनाचा एक फारसा माहीत नसलेला मुलगा त्या शिबिरात आला आणि आठवड्याभरात सगळ्यांच्या यादीत गेला. तो मायकेल जॉर्डन. म्हणजे मुळात ही यंत्रणा न दिसणाऱ्याला दाखवण्यासाठी होती.

ती उलटी कधी फिरली याची एक नेमकी तारीख देता येत नाही, पण काही खुणा आहेत. १९९४ च्या हंगामाच्या तोंडावर ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने सेंट जॉन्सच्या फेलिपे लोपेझला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यासमोर मुखपृष्ठावर उडी मारताना दाखवले. डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेला न्यू यॉर्कचा लाडका मुलगा. त्याने चार वर्षे कॉलेज खेळले, चांगले खेळले, आणि १९९८ च्या ड्राफ्टमध्ये तो २४ वा आला. कुठल्याही सामान्य मापाने हे यशच आहे. पण त्याचे माप मुखपृष्ठाने आधीच ठरवून ठेवले होते. २०१९ मध्ये तेच मासिक एमोनी बेट्स या पंधरा वर्षांच्या मुलाला मुखपृष्ठावर घेऊन आले. मेम्फिस, मग ईस्टर्न मिशिगन, आणि २०२३ मध्ये ड्राफ्टमध्ये ४९ वा. पंधराव्या वर्षी ज्याला देव केले त्याला एकोणिसाव्या वर्षी ‘फसला’ म्हणणारे लोक बहुतेक तेच होते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसे हे. फरक इतकाच की इथे मार मुलाला बसतो.

मधल्या काळात एक नियम झाला. २००५ च्या करारानुसार एन.बी.ए.ने शाळेतून थेट येणाऱ्यांना दार बंद केले. वय १९ हवे आणि शाळा संपून एक वर्ष झालेले हवे. त्यामुळे सर्वांत गाजलेली मुले एका वर्षापुरती कॉलेजात येऊ लागली. एकच वर्ष असेल तर नोव्हेंबरलाही मार्चइतकी किंमत येते. २०११ पासून ड्यूक, केंटकी, कॅन्सस आणि मिशिगन स्टेट या चौघांचा ‘चॅम्पियन्स क्लासिक’ हंगामाच्या आरंभी भरू लागला तो याच हिशेबाने. आमच्याकडे हे सामने सकाळी चहाच्या वेळी दिसतात. दिवाळीच्या फराळाचे डबे अजून रिकामे झालेले नसतात आणि तिकडे वर्षाचा निकाल लावून मोकळे झालेले असतात.

पण हंगामारंभीच्या स्पर्धा म्हणजे चॅम्पियन्स क्लासिक नव्हे. त्यांची खरी परंपरा जुनी आहे आणि माझ्या मते जास्त मोलाची आहे. तिचा उगम एका नियमाच्या फटीत सापडतो. महाविद्यालयीन संघांनी हंगामात किती सामने खेळावेत याला मर्यादा असते. पण अमेरिकेच्या सलग भूभागाबाहेर खेळलेले सामने त्या मोजणीतून वगळले जात. या फटीतून १९७८ मध्ये अलास्कातल्या अँकरेज इथे एक स्पर्धा उभी राहिली, ती पुढे ‘ग्रेट अलास्का शूटआउट’ म्हणून प्रसिद्ध झाली. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, गोठलेल्या शहरात, मोठमोठे संघ जाऊ लागले. २००१ मध्ये ती मार्केट विद्यापीठाने जिंकली आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला ड्वेन वेड. वेडला शाळेतून फार थोड्यांनी मागणी घातली होती, पहिले वर्ष तर अभ्यासातल्या गुणांमुळे त्याला खेळताच आले नव्हते. दोन वर्षांनी तो ड्राफ्टमध्ये पाचवा होता. अँकरेजच्या विद्यापीठाला पुढे अंदाजपत्रकाची कात्री लागली आणि २०१७ मध्ये पुरुषांची ही स्पर्धा संपली.

दुसरी गोष्ट हवाईची, आणि ती मला सर्वांत प्रिय आहे. २३ डिसेंबर १९८२. व्हर्जिनियाचा संघ जपानहून परतताना होनोलुलूत थांबला. देशात पहिल्या क्रमांकावर, एकही सामना न हरलेला, आणि मध्ये राल्फ सॅम्पसन: उंची सात फूट चार इंच, तीन वर्षे लागोपाठ देशाचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. समोर शॅमिनाड, जेमतेम नऊशे विद्यार्थ्यांचे कॅथलिक कॉलेज. सॅम्पसनला अडवायला टोनी रँडॉल्फ, जवळजवळ पाऊण फुटाने बुटका, मूळचा व्हर्जिनियाचाच. शॅमिनाड ७७-७२ ने जिंकले. टीव्हीवर सामना नव्हता. पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र उलटून गेली होती, आणि आकडे उलटे तर लिहिले गेले नाहीत ना अशी शंका वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत आली. या एका रात्रीच्या जोरावर १९८४ पासून माउई बेटावर स्पर्धा सुरू झाली, शॅमिनाडच्या यजमानपदाखाली. मैदान लाहैनाचे सिव्हिक सेंटर, साधारण २४०० माणसांचे. मोठ्या विद्यापीठांच्या सरावाच्या जागाही कधी कधी याहून ऐसपैस वाटतात.

या स्पर्धेचे बळ तिच्या रचनेत होते. आठ संघ, तीन दिवस, तीन सामने. हरलात तरी उद्या दुपारी पुन्हा खेळायचे, आणि कोणाशी ते आज कोण जिंकते यावर. भाकिताला अशी रचना आवडत नाही, कारण तिच्यात तिसऱ्या दिवशी कोण कोणासमोर येईल हे विकता येत नाही. नोव्हेंबर २०१८ घ्या. ड्यूककडे झायन विल्यमसन आणि आर. जे. बॅरेट. आदल्या पंधरवड्यात त्यांनी केंटकीला ११८-८४ असे चिरडले होते आणि या संघाला हरवणार कोण, असा प्रश्न मोठी माणसे विचारत होती. माउईत तोवर ड्यूक १७ सामने खेळून एकही हरले नव्हते. अंतिम सामन्यात गोन्झागाने त्यांना ८९-८७ ने हरवले. स्पर्धेचा सर्वोत्तम ठरला जपानचा रुई हाचिमुरा, कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेला. त्याच्या जोडीला ब्रँडन क्लार्क, सॅन होजे स्टेटमधून संघ बदलून आलेला. वय आणि मुरलेपणा या दोन गोष्टींना कुठल्याही यादीत तारे मिळत नाहीत. २०२४ च्या चॅम्पियन्स क्लासिकमध्येही तेच दिसले. ड्यूकच्या कूपर फ्लॅगने २६ गुण केले, पण शेवटच्या क्षणांत दोनदा चेंडू गमावला, आणि जवळजवळ सगळाच संघ इतर विद्यापीठांतून गोळा केलेल्या केंटकीने ७७-७२ ने सामना घेतला. फ्लॅग जूनमध्ये ड्राफ्टमध्ये पहिला आला, हेही लगेच सांगितले पाहिजे.

आता नवा अध्याय. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे आणि छबीचे पैसे घेता येऊ लागले. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या समझोत्यानंतर विद्यापीठेही थेट उत्पन्नाचा वाटा देऊ लागली. याच वाऱ्यावर २०२४ मध्ये लास व्हेगासला ‘प्लेयर्स एरा’ नावाची स्पर्धा उभी राहिली. आठ संघ, प्रत्येक संघाच्या खेळाडूंसाठी किमान दहा लाख डॉलर. पुढच्या वर्षी १८ संघ. तिच्या संस्थापकांतले सेथ बर्गर हे अँड वन या बूट-कपड्यांच्या कंपनीचेही संस्थापक. नव्वदच्या दशकाअखेरीस गल्लीतल्या बास्केटबॉलच्या चित्रफिती वाटून तरुणांना वेड लावणारी कंपनी हीच. आज पंधरा वर्षांच्या मुलाची कीर्ती ज्या दोन मिनिटांच्या फितींवर उभी राहते त्यांचे गोत्र तिथे पोचते. एकाच माणसाच्या हातून फीत आणि मैदान दोन्ही घडावीत यात कारस्थान नाही, पण सुसंगती नक्की आहे.

पैशाबद्दल माझी तक्रार नाही. वर्षानुवर्षे प्रशिक्षक, विद्यापीठे, वाहिन्या आणि हॉटेले या मुलांच्या घामावर गब्बर झाली. बहामात तर हॉटेलच्या समारंभाच्या दालनात फळ्या टाकून सामने भरवले जातात. तेव्हा ‘शुद्ध हौशी खेळ’ गेला म्हणून गळा काढणाऱ्यांत मी नाही. तक्रार रचनेची आहे. २०२५ च्या प्लेयर्स एरात पहिले दोन सामने आधीच ठरलेले होते. अंतिम सामन्यात कोण जाणार हे जिंकण्याहरण्याबरोबरच गुणांच्या फरकावरही ठरत होते. म्हणजे वीसने जिंकत असाल तरी राखीव मुलांना खेळवण्याऐवजी तीसने जिंका. अंतिम सामन्यात मिशिगनने गोन्झागाला १०१-६१ असे हरवले. दहा-दहा लाख मोजून बोलावलेल्या संघांत शॅमिनाडला जागा असू शकत नाही, कारण शॅमिनाडशी खेळणे कोणाला विकता येत नाही.

आणि ज्याच्यासाठी हा थाट, तो तरी येतो का? १८ नोव्हेंबर २०२५ ला न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ड्यूकचा कॅमेरॉन बूझर विरुद्ध कॅन्ससचा डॅरिन पीटरसन अशी जोडी लावली होती. पीटरसनच्या मांडीच्या मागच्या स्नायूला दुखापत झाली होती आणि तो खेळलाच नाही. ड्यूक ७८-६६ ने जिंकले. पुढच्या आठवड्यात, तो नसतानाच, कॅन्ससने लास व्हेगासमधले तिन्ही सामने जिंकले. त्या तीन विजयांत ज्यांनी घाम गाळला त्यांची नावे मला शोधून काढावी लागली.

लाहैनाकडे परत येतो. ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात ते गाव जळाले. सिव्हिक सेंटर वाचले. त्या वर्षी स्पर्धा होनोलुलूला न्यावी लागली, २०२४ च्या नोव्हेंबरात ती परतली. लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय विजेता ठरलेला कनेटिकट संघ आला होता. पहिल्या दिवशी मेम्फिसने त्यांना जादा वेळेत ९९-९७ ने हरवले, दुसऱ्या दिवशी कोलोरॅडोने ७३-७२ ने, तिसऱ्या दिवशी डेटनने ८५-६७ ने. तीन दिवसांत विजेत्यांचा पुरता भुगा, तोही अशा व्यायामशाळेत जिथे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही प्रशिक्षकाचे ओरडणे ऐकू येते. स्पर्धा ऑबर्नने जिंकली. पुढच्या वर्षी ऑबर्न लास व्हेगासला गेले. शॅमिनाडचा संघ आता आपल्याच स्पर्धेत वर्षाआड खेळतो. २०२५ ला त्याची पाळी होती.