श्रद्धेची नम्रता आणि निवेदनाची कसोटी

मानवी ज्ञानाला मर्यादा आहेत, हे ख्रिस्ती विचारातील जुने विधान आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल माणसाचे जाणणे अपुरे ठरवतो आणि ज्ञानापेक्षा प्रीतीला वरचे स्थान देतो. परंतु ही मर्यादा तत्त्वतः मान्य करणे वेगळे आणि तिचे भान लेखनाच्या घडणीत उतरणे वेगळे. मराठी ख्रिस्ती साहित्यातील ‘नम्र श्रद्धे’चा विचार या भेदापासून सुरू व्हायला हवा.

बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ (१८८८) हे आत्मचरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. अंधाराकडून प्रकाशाकडे झालेला प्रवास शीर्षकातच सूचित होतो. निवेदक पैलतीरी पोचलेला आहे आणि तेथून तो आपल्या गतायुष्याकडे पाहतो. टाकलेल्या धर्माला लावलेली तर्काची कसोटी स्वीकारलेल्या धर्माला तितक्याच कठोरपणे लावली जात नाही. खंडनमंडनाच्या त्या काळात, स्वजनांपासून तुटलेल्या लेखकाला निश्चिती आवश्यक वाटली असेल, हे समजण्यासारखे आहे. तथापि येथे नम्रता ईश्वरापुढे आहे, प्रतिपक्षापुढे नाही.

१८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाचा आश्रय घेतला, तेव्हा केवळ छंद बदलला नाही, बोलणाऱ्याची भूमिकाही बदलली. अभंगातला ‘मी’ जाणता नसतो. तो लेकरू असतो, दास असतो. परंपरा ज्यांना नरसी आणि गंगाखेड या गावांशी जोडते, त्या नामदेव-जनाबाईंच्या अभंगांमुळे नांदेड-लातूरकडच्या विद्यार्थ्याला ही भूमिका घरचीच वाटते. पण घरचेपणात एक धोकाही आहे. परंपरेने हाती दिलेली लीनता हा निव्वळ संकेत ठरू शकतो. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. संस्थेच्या चौकटीत श्रद्धा मावत नाही, ही जाणीव त्या कृतीत दिसते. ती टिळकांच्या अभंगांना संकेतापलीकडचा अर्थ देते.

मर्यादेचे भान सर्वाधिक मुरले आहे ते मात्र लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त. या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ साली आला. पतीच्या धर्मांतरानंतर पाच वर्षांनी, १९०० साली, त्या ख्रिस्ती झाल्या. पण या निर्णयाकडे नेणारी वाट शास्त्रार्थाची नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, असा साधा प्रश्न त्या स्वतःला विचारतात आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय करतात. श्रद्धेचा हा उगम पंगतीच्या आणि पाण्याच्या प्रश्नात आहे. शिवाय निवेदिका मागे वळून पाहताना पूर्वीच्या सोवळ्या लक्ष्मीला तुच्छ लेखत नाही. तिच्यावर हसते आणि तिला आपलीच मानते. नव्या श्रद्धेचा अहंकार न धरता जुन्या अज्ञानाविषयी लिहिणे ही या गद्याची नैतिक उंची आहे.

नम्र श्रद्धा म्हणजे प्रश्नांना दिलेली सुटी, असा आक्षेप घेता येईल. लातूर जिल्ह्याच्या संदर्भात तो ग्रांथिक राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे १०,००० माणसे गेली. कारणे शोधणे हे भूगर्भशास्त्राचे काम आहे, आणि श्रद्धेने त्याच्या आड येऊ नये. पण ‘हे यांच्याच वाट्याला का?’ या प्रश्नाला पापाचा हिशेब दाखवणारे उत्तर देणे हा ज्ञानाचा उद्दामपणा होय. ‘ईयोब’ या ग्रंथात दुःखिताला असे हिशेब समजावणाऱ्या मित्रांनाच देव दोषी ठरवतो, आक्रोश करणाऱ्या ईयोबाला नव्हे. म्हणजे मर्यादा मान्य करणे हे प्रश्न थांबवणे नसून, दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ आपणच लावण्याचा अधिकार सोडणे आहे.

या कसोटीवर ‘अरुणोदय’ अपुरे पडते आणि ‘स्मृतिचित्रे’ उतरते. श्रद्धेची नम्रता लेखक देवापुढे किती वाकतो यावरून मोजता येत नाही. आपल्याहून वेगळ्या माणसाविषयी तो कोणत्या स्वरात बोलतो, यावरून ती ओळखावी लागते.