‘पिलर्स ऑफ सोसायटी’मधील जहाजपाहणी : अहवाल कोणासाठी?

हेन्रिक इब्सेन यांच्या ‘पिलर्स ऑफ सोसायटी’ (१८७७) या नाटकाची चर्चा बहुधा कॉन्सुल बर्निक याच्या खासगी असत्याभोवती फिरते. प्रस्तुत लेखात त्यातील दुय्यम वाटणाऱ्या एका घटनेचा, म्हणजे जहाजाच्या पाहणीचा, विचार केला आहे. सॅम्युअल प्लिम्सॉल यांनी ‘अवर सीमेन’ (१८७३) या पुस्तकातून नादुरुस्त, पण विमा उतरवलेल्या जहाजांविरुद्ध आवाज उठवला, त्याच दशकातील हे नाटक आहे.

‘इंडियन गर्ल’ हे अमेरिकन जहाज बर्निकच्या गोदीत दुरुस्तीला आलेले आहे. कमीत कमी डागडुजी करून ते लवकर सोडावे, अशी मालकांची तार येते. कारकून क्राप तळात उतरून पाहतो. लाकूड कुजलेले आहे, दुरुस्ती वरवरची आहे. तो हे बर्निकला सांगतो. पण बर्निकचे गुपित जाणणारा योहान त्याच जहाजाने जाणार असल्याने बर्निक जहाज अडवत नाही. पाहणी अचूक ठरते, तरी निष्फळ होते. कारण मौनात ज्याचा लाभ आहे, त्याच्याच हाती अहवाल पडतो.

या उणिवेवर व्यवहाराने काही प्रमाणात उत्तर शोधले आहे. १८५५ पासून ब्रिटनमध्ये दायित्वासाठी जहाजमालकांचे परस्पर विमा क्लब उभे राहिले. खलाशांचा मृत्यू, मालाचे नुकसान, प्रदूषण यांबाबत मालकावर येणारे दायित्व आज असे क्लब उचलतात. एका सभासदाच्या कुजक्या जहाजाचा भार इतरांवर पडतो. म्हणून क्लब आपला सर्व्हेयर पाठवतो. दोष दूर होईपर्यंत विमासंरक्षण मर्यादितही करता येते. बर्निकला न जुमानणारा वाचक अहवालाला येथे मिळतो.

तथापि हा वाचक निधीचे रक्षण करतो. खलाशाचे रक्षण त्यातून अप्रत्यक्षपणे होते. अहवाल सामान्यतः क्लब व मालक यांच्यापुरताच राहतो. इब्सेन यांच्या नाटकाची मर्यादाही येथेच दिसते. मुलगा ओलाफ चोरून त्या जहाजावर गेल्याचे कळल्यावरच बर्निक हादरतो. जहाज मात्र फोरमन औने याने, बर्निकच्या नावावर, आधीच थांबवलेले असते. पापाची कबुली होते, परंतु पाहणीची रचना बदलत नाही. ज्यांचे प्राण पणाला लागले, त्या खलाशांपैकी एकही या नाटकात नावानिशी येत नाही. पाहणीचे मूल्य तिच्या अचूकतेइतकेच अहवाल कोणाला वाचता येतो यावर अवलंबून असते, हे या नाटकाच्या पुनर्वाचनातून स्पष्ट होते.